तीन हाडं

फुंकायचं नाही, ओढायचं.
व्हेल्डा आत्यानं पहिलं हेच सांगितलं,
बटाट्याच्या सालींशेजारी ते नळकांडं ठेवून.
ही बासरी नाही, पोरी.
ओठ आवळ,
आणि कढत सूप भीत भीत चाखतात ना,
तसा वारा आत घे.

मी ओढला. गंजलेलं दार करकरावं तसं काहीतरी वाजलं.
कुत्रा उठून बाहेर गेला.

टर्कीच्या एकाच पंखातली तीन हाडं,
बारीक मधल्यात, मधलं जाडात,
सांध्यावर मेण, मेणावर काळा दोरा.
पणजोबा लोंझो टॅकिटनं केलेलं,
ज्या वर्षी मका उभ्या उभ्या वाळला
आणि ओझार्कच्या लाकूडगिरण्यांनी
माणसं घरी पाठवली.
साबणाच्या पाण्यात हाडं उकळली,
तारेनं आतला मगज काढला,
तोही खाल्ला, असं आत्या म्हणते.
आत्या काहीही म्हणते.

तोंडाकडच्या टोकाला दातांच्या खाचा आहेत.
खोल त्या लोंझोच्या.
हर्शल आजोबांचा पुढचा दात तुटका,
म्हणून डावीकडे एक उथळ, अर्धी.
आत्याच्या त्या दोहोंच्या मधे, दाटीवाटीनं.
माझे दात अजून
कुठेच बसत नाहीत.

रानात खरं तर नर साद घालतो
आणि मादी चालत जाते त्याच्याकडे.
आपण ते उलटं करतो.
मादी होऊन बसून राहतो ओकच्या बुंध्याशी,
त्यालाच यायला लावतो.
म्हणून तो शंभर पावलांवर अडतो,
पिसारा फुलवून, छाती काढून,
काहीतरी चुकतंय हे कळल्यासारखा.
तेव्हा गप्प राहायचं.
आमच्या घरात ते कोणालाच जमलं नाही.
एका हाकेत भागेल तिथे आजोबा तीन देत.
लग्नाचंही त्यांनी असंच विचारलं होतं म्हणे,
जिना चढताना, जिना उतरताना,
आणि पुन्हा फाटकापाशी.

हर्शल टॅकिट म्हणजे हाडाचा शिकारी,
सगळं खोरं म्हणायचं.
कोणाच्या हाडाचा,
ते कोणी विचारलं नाही.

हाडं मादीची आहेत.
नराची जाड, घोगरी वाजतात.
लोंझोनं तिला मे महिन्यात मारली,
अंड्यांवरून उठताना.
अंडीही टोपीत घालून आणली, अकरा.
घरात पाच पोरं होती.
त्यानंतर टॅकिटांपैकी कोणी
मादीवर बंदूक उचलली नाही.
विचारलं तर कायद्याचं नाव सांगतात,
आणि विषय हवापाण्यावर नेतात.

या एप्रिलात आत्याच्या नाकात नळी आली.
ओढायला वारा उरला नाही,
म्हणून हाड माझ्याकडे.
दोन्ही भावांनी एकमेकांकडे पाहिलं,
आणि मग जेवणाकडे.

पहाटे टेकडीवर गेले. डॉगवूड फुललेलं,
अंधारात कोणी धुणं वाळत घातल्यासारखं.
तीन स्वर ओढले. दुसरा फाटला.
वाट पाहिली.
पुन्हा ओढणार, तोच पाला वाजला
आणि झुडपातून मादी आली.
करडी, बारीक, पायांना चिखल.
दोन हातांवर उभी राहिली.
मान तिरकी करून बघत राहिली,
माझ्याकडे नाही,
माझ्या तोंडातल्या हाडाकडे.
मग हळूच काहीतरी बोलली,
शेजारीण कुंपणापलीकडून
नाव घेऊन विचारते तसं.

हाड ओठांतच होतं.
श्वास बाहेरही नाही, आतही नाही.

घरी आले तेव्हा आत्या जागी होती.
"आला?"
"आली."
तिनं हात पुढे केला, हाड घेतलं,
नळीखाली धरून हुंगलं.
बराच वेळ फक्त यंत्र श्वास घेत होतं.
"मग तू काय केलंस?"
"गप्प बसले."
"टॅकिटांत पहिलीच," ती म्हणाली,
आणि हाड परत देण्याआधी
अंगठ्यानं चाचपून पाहिलं
नवी खाच पडली का ते.